भेकरवाडीच्या ड्रोनचा जामीन

कोणतीही भाषा तिचा शेवटचा बोलणारा जिवंत असेपर्यंत मारून टाकण्याचा अधिकार मनुष्यजातीला नाही.

हे वाक्य शशिकांत मगदूम यांनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी लिहिलं तेव्हा त्यांच्या पोटात दोन वाट्या श्रीखंड होतं आणि समोर टाळ्या वाजवायला उत्सुक अशी तरुण मंडळी बसली होती. दोन्हींपैकी एकच गोष्ट असती, तर ते वाक्य लिहिलं गेलं नसतं. ज्या भाषेसाठी ते भरात आले होते ती अर्धमागधी नव्हती की पालीही नव्हती. ती होती जीपीएसच्या जुन्या रिसिव्हरांची भाषा.

मंडळी होती ‘घार’वाली. घार हे ड्रोन उडवणारं सॉफ्टवेअर. फुकट, खुलं, आणि हौशी लोकांनी आपापल्या घरी बसून मिळून लिहिलेलं. त्यातला जुन्या रिसिव्हरचं बोलणं समजून घेणारा भाग मगदूमांनी लिहिला होता. ते तेव्हा सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि रविवारी घार लिहायचे. त्यांचं वाक्य टाळ्यांच्या गजरात संघटनेच्या नियमावलीत कलम सात म्हणून गेलं. जुन्या रिसिव्हरवर एक जरी यंत्र उडत असेल, तरी त्याची भाषा घारमधून काढायची नाही. जोडीला एक उपकलमही आलं, तेही मगदूमांनीच भरात येऊन सुचवलेलं: ज्याने तो भाग लिहिला, त्यानेच तो सांभाळावा.

श्रीखंड दुसऱ्या दिवशी पचलं. कलम सात बारा वर्षं झाली तरी छातीवर होतं.

आता ही भाषा म्हणजे काय, तर अक्षरशः वाक्यं. आकाशातले उपग्रह तसे एकसुरी असतात. ‘माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले’ एवढंच ते सतत सांगत राहतात. चार उपग्रहांचे निरोप आपल्यापर्यंत यायला किती किती उशीर झाला, यावरून रिसिव्हर आपण कुठं आहोत ते शोधून काढतो. इथवर जुना आणि नवा सारखेच. खरा फरक पुढं, सापडलेलं ठिकाण ड्रोनच्या मेंदूला कळवण्यात. जुना रिसिव्हर सेकंदाला एक ओळ म्हणायचा: वेळ, स्वल्पविराम, अक्षांश, स्वल्पविराम, रेखांश, दिसणारे उपग्रह, उंची, आणि शेवटी सगळ्या अक्षरांची मिळून एक बेरीजवजा खूण, म्हणजे वाटेत एखादं अक्षर गळलं तर कळावं. माणसालाही वाचता येईल अशी, शाळेतल्या हजेरीसारखी ओळ. नवे रिसिव्हर वाक्यं बोलत नाहीत. ते सेकंदाला दहा वेळा आकड्यांचं घट्ट गाठोडं फेकतात, आणि त्या गाठोड्यावर उपग्रहाची सही असते. ही सही कुणाला खोटी करता येत नाही.

सहीला महत्त्व आलं, कारण मधल्या काळात लोक खोटं ठिकाण पेरायला शिकले. खिशात मावणारं यंत्र घेऊन कुणीही ड्रोनला पटवून द्यायचा की तू आता मिरजेत आहेस, आणि तो भोळा जीव मिरजेत पोचल्याच्या समाधानात कृष्णेच्या पात्रात उतरायचा. एका पुढाऱ्याच्या सत्कारासाठी निघालेले गुलाबाचे हार विरोधी पक्षाच्या कचेरीसमोर उतरले, त्यांनी ते घालून फोटो काढले, आणि मग सरकारला विज्ञानाची काळजी वाटू लागली. हवाई मार्ग मंडळाने नियम केला: ज्या ड्रोनच्या ठिकाणावर उपग्रहाची सही नाही, त्यासाठी माणसाने सही करावी.

या माणसाला सरकारी भाषेत ‘स्थान-हमीदार’ म्हणत. लोक म्हणत जामीन. जामीन शिकलेला इंजिनिअर हवा. प्रत्येक उड्डाणाच्या वेळी त्याच्या फोनवर निरोप येई: ‘उड्डाण. होय की नाही?’ दोन मिनिटांत त्याने होय दाबायचं, त्याशिवाय ड्रोनने जागचं हलायचं नाही. आणि जामिनाने त्या ड्रोनच्याच हवाई विभागात राहायचं. विभाग ओलांडला की हमी संपली, ड्रोन जमिनीवर.

एका वर्षात सगळ्यांनी जुने रिसिव्हर काढून फेकले. सगळ्यांनी म्हणजे भेकरवाडी सोडून.

भेकरवाडी शिराळ्याच्या पुढं, धरणाच्या फुगवट्यापलीकडची वस्ती. रस्ता पाण्याखाली गेला तो गेलाच, येणं-जाणं लाँचने. तिथल्या दूध संस्थेकडे एक ड्रोन होता. संस्थेचे सचिव हिंदुराव कोळेकर यांनी सहा वर्षांपूर्वी मगदूमांना फोन केला होता.

“सर, ते जामीन का काय म्हंत्यात, तुमी व्हता का? नुसतं नावापुरतं.”

जामीन राहायचं नाही हे मगदूमांच्या वडिलांनी त्यांना आयुष्यभर बजावलं होतं. पण वडिलांच्या डोळ्यांसमोर बँकेचं कर्ज होतं, ड्रोन नव्हता. मगदूम नावापुरते झाले.

तेव्हापासून ते विभागाबाहेर गेले नव्हते.

*

“होय दाबलंस?” पद्मजाने स्वयंपाकघरातून विचारलं.

“दाबलं.”

“काय होतं?”

“कळत नाही ना.”

खरी मेख तिथंच होती. तो ड्रोन दोनच कामं करायचा. वाडीतली म्हैस माजावर आली की पलीकडच्या काठावरच्या सरकारी दवाखान्यातून रेतनाची नळी आणायची, नायट्रोजनच्या डब्यात घालून. कारण म्हैस अर्धाच दिवस थांबते, आणि लाँच तेवढ्यात येईलच असं नाही. आणि वाडीत कुणाला साप चावला, तर त्याच काठावरून लस आणायची. फोनवर येणारा निरोप दोन्हीला एकच. ‘उड्डाण. होय की नाही?’ म्हैस की माणूस, हे जामिनाला सांगण्याची तरतूद नियमात नव्हती.

म्हैसच असणार, असं मगदूम दर वेळी मनाशी म्हणत. आणि दर वेळी पळत जाऊन होय दाबत.

गेल्या श्रावणात ते अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन फोन पाहिला तर निरोप येऊन सहा मिनिटं झाली होती. त्यांनी ओल्या बोटाने होय दाबलं. फोन म्हणाला, ‘उशिरा नोंद.’ दुसऱ्या दिवशी हिंदुरावांकडून सहज कळलं, की घोणस होती. बाई वाचली होती. पण चार मिनिटं आपण खाल्ली, हे मगदूमांच्या मनातून गेलं नाही. तीन दिवस त्यांनी नीट जेवण केलं नाही, आणि तेव्हापासून फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीघरात खुंटीला टांगू लागले.

मुलीचं, सन्मतीचं लग्न बेळगावात ठरलं. बेळगाव दुसऱ्या हवाई विभागात. शेवटी अलीकडे शिनोळीला, हद्दीच्या आत, एका बंद पडलेल्या काजू कारखान्यात मांडव घातला. व्याही शांत माणूस. “आमच्याकडे सीमाप्रश्नावर पुष्कळ माणसं भांडली,” ते म्हणाले, “पण असा घरात आणून कुणी बसवला नव्हता.” मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला मगदूमांचा फोन वाजला. त्यांनी अक्षतांच्या हातानेच होय दाबलं. फोटोत ते मुलीकडे नव्हे, खिशाकडे बघताना आले आहेत.

यंदा फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला बाहुबलीचा महामस्तकाभिषेक झाला. बारा वर्षांनी एकदा येणारा. पद्मजा मैत्रिणींबरोबर गेली. मगदूमांनी घरी बसून पडद्यावर पाहिला, आणि दुधाची धार मूर्तीच्या खांद्यावर आली तेवढ्यात निरोप आला. तोही बहुधा दुधाशीच संबंधित असावा.

“पुढचा बारा वर्षांनी,” पद्मजा परत आल्यावर म्हणाली. “तोवर ती म्हैस जाईल, पण तू इथंच असशील.”

पद्मजा विमा कंपनीतून वेळेआधी निवृत्त झाली होती. तिला गाणं शिकायचं होतं. लहानपणापासून शिकायचं होतं. मग नोकरी, मग सासूबाई, मग सन्मती. आता धारवाडच्या एका वयस्कर बाईंनी तिला दोन वर्षांसाठी शिष्य म्हणून घेतलं होतं. त्या पन्नाशीच्या पुढच्याच बायका घेत. त्यांचं म्हणणं, तरुण मुलींना घाई असते. तिने तिथं दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तंबोरा दुरुस्त करून आणला, आणि दसऱ्याचा दिवस धरला.

“शशी, मी तुला ये म्हणत नाही,” ती तंबोऱ्याला जुनं पांघरूण गुंडाळत म्हणाली. “मी फक्त सांगते की गाडीत पुढं दोन सीटा आहेत. एकीवर तंबोरा बसेल किंवा तू. दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता.”

“मागची सीट आहे की.”

“मागं भांडी आहेत.”

*

याच सुमारास घारच्या संघटनेची बैठक पडद्यावर भरली. हल्ली सगळं काम मृण्मयी वाकोडे बघायची. अकोल्याची, तिशीतली, मगदूमांविषयी आदर बाळगणारी. म्हणजे त्यांचं ऐकून घ्यायची आणि मग स्वतःचं करायची.

“सर, घार नऊ अडलेली आहे,” ती म्हणाली. “दोन ड्रोन समोरासमोर आले तर एकमेकांना वाट देतील, तो भाग तयार आहे. पण छोट्या चिपमध्ये मावतच नाही. जागा नाही न्‌ सर. आणि माळ्यावर बघितलं तर तुमची ती जुनी भाषा बसलेली आहे पाय पसरून.”

“माझी नाही. रिसिव्हरची.”

“तेच. दर वर्षी आपण बाकीचं सगळं बदलतो आणि तुम्ही तिला त्यात बसवून देता. किती महिने जातात तुमचे?”

“पावसाळा जातो.”

“कोणासाठी? एका वाडीसाठी. आम्ही नवे रिसिव्हर फुकट पाठवले त्यांना. तीनदा. बसवतो म्हणतात.”

“हिंदुराव खोटं बोलत नाहीत,” मगदूम म्हणाले, आणि त्यांनी हिंदुरावांचा नेहमीचा निरोप वाचून दाखवला. दसरा झाला की तो दर वर्षी यायचा, एका शब्दाचा फरक न होता: ‘घारची नवीन आवृत्ती मिळाली. संस्थेतर्फे आभार. ड्रोन उत्तम चालू आहे. रिसिव्हर जुनाच आहे. लोभ असावा.’

“झालं मग. कलम सात लागू,” मृण्मयीने सुस्कारा सोडला. “सर, तुम्हीच एकदा जाऊन बसवून द्या ना. नवा रिसिव्हर बसला की उपग्रहाची सही आली. तुम्ही सुटले, आम्ही सुटलो.”

मगदूमांनी मान हलवली. गंमत अशी, की आपण कलम सातच्या बाजूने बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. वर्षानुवर्षं कोंडलेल्या माणसाला कोंडीची कड घ्यायची सवय लागते.

*

ते भेकरवाडीत पोचले तो दिवस खंडेनवमीचा. सहा वर्षांत पहिल्यांदाच. विभाग तोच असल्यामुळे यायला बंदी कधीच नव्हती. पण तुरुंगात असलेला माणूस तुरुंगाचं सहसा पर्यटन करत नाही.

लाँचच्या धक्क्यावर हिंदुराव स्वतः आले होते. बुटके, गोल, पांढऱ्या टोपीचे, आणि बोलणं थांबलं तर दूध नासेल अशा बेताने बोलणारे.

“या, या मगदूम सर! फोटोत बारीक दिसताय. आता दोन दिस ऱ्हावा. सोनं लुटूनच जावा.”

“उद्या सकाळी नऊला घरी पोचायचंय.”

“मंग संध्याकाळची लाँच. चला, आधी पूजा बघा. तुमच्यासाठी थांबवलीया.”

दूध संस्थेच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली होती आणि मोठ्या पाटावर वर्षभर राबणारं सगळं मांडलं होतं. दुधाचं फॅट मोजायचं यंत्र, नायट्रोजनचा डबा, माप घालायची जुनी लिटर-अर्धा लिटरची भांडी, हिंदुरावांचा पेन. मधोमध ड्रोन, चारी पंख्यांना हळदीकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. मगदूमांनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. सहा वर्षं ज्याच्यासाठी घरदार सोडलं नाही तो हा. टेबलफॅनएवढा होता.

आणि ड्रोनच्या पुढ्यात, ओळीने, सहा पेन ड्राइव्ह. बाकीच्या जगातून ही वस्तू कधीच गेली होती. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली: घार तीन, घार चार, पाच, सहा, सात, आठ. प्रत्येकावर वाळलेल्या कुंकवाचे थर, जुन्यावर जास्त, नव्यावर कमी. शेवटाला, कुरिअरच्या न फोडलेल्या वेष्टनात, तीन रिसिव्हर. त्यांनाही एकेक बोट कुंकू.

मगदूम पुन्हा भरात आले. बारा वर्षांपूर्वी आले होते तसेच, आणि या वेळी श्रीखंडाचा दोषही नव्हता. पावसाळेच्या पावसाळे आपण खोलीत बसून जे लिहिलं ते इथं, पाण्यापलीकडे, झेंडूच्या फुलाखाली होतं. त्यांनी फोटो काढून मृण्मयीला पाठवला. खाली लिहिलं: ‘कलम सात का असतं, ते यासाठी.’

आरती झाली. एका बाईंनी चहा आणला. हिंदुराव म्हणाले, “ह्या आमच्या वैनी. गेल्या श्रावणात घोणस डसलेली ती ह्याच. लस आली म्हणून हाईत.”

“पाय अजून दुखतोय,” वहिनींनी माहिती दिली आणि बिस्किटं पुढं केली.

मगदूमांना त्यांच्याकडे बघवेना. ते चहाच्या कपात म्हणाले, “माझ्याकडून त्या दिवशी चार मिनिटं उशीर झाला. होय दाबायला.”

“कसला उशीर?” हिंदुराव म्हणाले.

“मी अंघोळीला होतो. तुमचा ड्रोन तेवढा वेळ खोळंबला.”

“न्हाई बा. तवा मीच होतो. बटन दाबलं आन्‌ गेलं.”

मगदूमांना वाटलं, माणूस सभ्यपणे सांभाळून घेतोय. त्यांनी विषय वाढवला नाही. बॅगेतून लॅपटॉप काढला, ड्रोन पाटावरून उचलू का म्हणून विचारलं, आणि नवा रिसिव्हर बसवण्याआधी आत काय आहे ते बघायला वायर जोडली.

पडद्यावर अक्षरं आली: घार दोन.

त्यांनी वायर काढून फुंकर मारली आणि परत जोडली. घार दोन.

“हिंदुराव, यात घार दोन आहे.”

“व्हय. घेतलं तवाची. कंपनीचीच.”

“आणि तीन ते आठ?”

“ह्ये काय.” हिंदुरावांनी पाटाकडे हात केला. “शिराळ्यातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याकडनं दर साली भरून आणतो. ताजी. नवमीला पूजा. मंग कपाटात.”

“बसवत नाही?”

हिंदुरावांनी आजूबाजूला पाहिलं, जसं काही जाणत्या माणसाने लहान पोरासारखा प्रश्न विचारला होता.

“सर, पलीकडच्या वाडीनं तीन नंबर बसवली. त्यांचं ड्रोन वर गेलं, एक गिरकी मारली आन्‌ सरळ पाण्यात. अजून हाय तिथंच. मासे ऱ्हात्यात त्यात. तवा आमच्या संचालक मंडळानं ठराव केला. नवीन आलं की मान द्यायचा, हात न्हाई लावायचा. चालतंय न्हवं? मंग कशाला खोलायचं?”

“मग तुम्ही मला दर वर्षी कळवता ते...”

“नवीन आवृत्ती मिळाली. मिळाली न्हवं? आभार. ते तर हाईतच. ड्रोन उत्तम चालू हाय. बघा की, चालतंय.”

मगदूमांनी मनात ते निरोप एकेक करून तपासले. खोटं एक अक्षर नव्हतं.

मग त्यांना दुसरी गोष्ट सुचली, आणि ती पहिल्यापेक्षा हळूहळू आत गेली. जामिनाचं होय येईपर्यंत थांबायचं, हे ड्रोनला कुणी शिकवलं होतं? घार तीनने. त्यांनीच लिहिला होता तो भाग. घार दोनला जामीन ही कल्पनाच ठाऊक नव्हती.

“हिंदुराव, उड्डाणाच्या वेळी तुम्ही नक्की काय करता?”

“फोनात भरतो, नियम हाय म्हणून. तुमाला निरोप जातो. मंग ड्रोनचं बटन दाबतो.”

“माझं होय आल्यावर?”

“ते येतंय की नंतर. तुमी कवा चुकत न्हाई, ते मंडळात सगळे म्हंत्यात. आमी खाली बसून ‘आलं बघा सरांचं’ म्हणतो. तवर ड्रोन लाँचच्या वर गेलेलं असतं.”

बाहेरून कुणीतरी हाक मारली. पांडबाची म्हैस सकाळपासून ओरडत होती. हिंदुराव उठले. “आज खरं तर हत्यार उचलत न्हाईत,” ते माळ न काढताच ड्रोन घेऊन जात म्हणाले. “पर म्हशीला नवमी कोण सांगणार?”

मगदूम मागोमाग गच्चीवर गेले. हिंदुरावांनी फोनात दोन बोटांनी काहीतरी भरलं आणि ड्रोनचं बटन दाबलं. ड्रोन उठला, झेंडूच्या पाकळ्या चौफेर उडाल्या, आणि तो पाण्यावर तिरपा निघून गेला. त्यानंतर मगदूमांच्या खिशात फोन थरथरला. ‘उड्डाण. होय की नाही?’

त्यांनी ठिपक्याएवढ्या झालेल्या ड्रोनकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं.

होय दाबलं.

गच्चीच्या कठड्यावर बसून ते हिशोब मांडू लागले. हवाई मार्ग मंडळाला खरं कळवलं तर हा ड्रोन आजच जमिनीवर. नवा रिसिव्हर बसवायचा तर त्याचं गाठोडं सोडवणारी घार आठ बसवावी लागणार, आणि संचालक मंडळाचा ठराव होता. बरं, बसवलीच आणि ड्रोनने गिरकी मारली तर? घार आठ त्यांनीही या जातीच्या ड्रोनवर कधी उडवून पाहिली नव्हती. वापरणारे आहेत म्हणजे चालत असणार, असं ते धरून चालले होते. वापरणारे एकच होते.

खाली वहिनी लंगडत कप गोळा करत होत्या. मगदूमांच्या छातीवरची चार मिनिटं उठून निघून गेली. आभार कुणाचे मानायचे ते कळेना. अपमान मात्र त्यांना नेमका कळत होता.

त्यांनी मृण्मयीला फोन लावला.

“जुनी भाषा काढून टाक. घार नऊमध्ये नको.”

“खरंच सर? आत्ताच तर तुमचा फोटो आला. मी सगळ्यांना दाखवला, दोघं तर रडले. कलम सात?”

“लागू नाही. आपल्या नव्या घारी त्या भाषेत एकही यंत्र उडवत नाहीत.”

“म्हणजे बसवला नवा रिसिव्हर?”

“जपून ठेवलाय,” मगदूम म्हणाले.

*

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता ते पुढच्या सीटवर बसले. तंबोरा भांड्यांच्या वर आडवा झाला. पद्मजाने गाडी काढली. कोल्हापूर गेलं, कागल गेलं, दूधगंगेचा पूल आला. पुलापलीकडे विभाग संपत होता.

मगदूमांनी रात्री अंथरुणात तिला सगळं सांगितलं होतं. ती आधी हसली, मग तिला शिनोळीचा काजू कारखाना आठवला, आणि मग म्हणाली, “आता तरी फोन बंद कर.” त्यांनी हो म्हटलं होतं. केला नव्हता.

पूल ओलांडून गाडी शंभर पावलं पुढं गेली असेल-नसेल, तोच फोन थरथरला. ‘उड्डाण. हमीदार विभागाबाहेर. उड्डाण रोखण्यात आले आहे.’

“थांबव.”

“शशी, तो थांबत नाही. तूच सांगितलंस मला. तो कधीच थांबला नाही.”

“मला माहीत आहे. थांबव.”

तिने गाडी कडेला घेतली. मगदूम उतरले आणि फोन वर धरून, येणाऱ्या ट्रकांचे हॉर्न खात, पुलावरून उलटे चालू लागले. छप्पन्न वर्षांचा माणूस, अंगात दसऱ्याचा नवा सदरा. पुलाच्या मध्यावर फोनने त्यांना परत विभागात घेतलं. ‘उड्डाण. होय की नाही?’ त्यांनी होय दाबलं. तिथंच उभं राहून नदीकडे पाहिलं, फोन बंद केला, आणि तो खिशात न ठेवता हातात धरून परत आले.

पद्मजाने हात पुढे केला. त्यांनी फोन दिला. तिने तो मागं हात घालून कुकरमध्ये टाकला आणि झाकण फिरवून बसवलं.

“म्हैस होती की माणूस?” गाडी सुरू करताना तिने विचारलं.

“कळत नाही ना.”

निपाणी मागं पडली. संकेश्वरच्या अलीकडे पद्मजानेच स्वतःच्या फोनवरून हिंदुरावांना विचारलं. कालचीच म्हैस होती. डॉक्टरांनी आणखी एक नळी द्यायला सांगितली होती. ड्रोन वेळेवर गेला आणि वेळेवर परत आला. रिकामाच, दसऱ्याची सरकारी सुट्टी असल्यामुळे पलीकडचा दवाखाना बंद होता.